लहान चणीच्या नवख्या स्वारासाठीं डर्ट बाइकची निवड

वाढत्या अंगाच्या मुलास सदरा शिवावयाचा झाला म्हणजे शिंपी दोन बोटें कापड अधिक ठेवितो, आणि जोडा घेतांना आईबाप पुढें थोडी जागा राखून घेतात. ही काटकसर शहाणपणाची होय. सैल सदऱ्यानें कोणास इजा होत नाहीं. परंतु हाच न्याय मोटारसायकलीस लावूं गेल्यास परिणाम निराळा होतो. २०२४ सालच्या जानेवारींत पुण्यास सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या, तेव्हांपासून मातीवर चालवावयाच्या मोटारसायकलीचें, म्हणजे डर्ट बाइकचें, आकर्षण आमच्या विद्यार्थ्यांत वाढलें आहे. आणि ‘थोडी मोठीच घेतली तर चार वर्षें पुरेल’ असा विचार कित्येक पालकांच्या मनांत येतो. लहान चणीच्या व नवख्या स्वारासाठीं हा विचार कां चुकीचा आहे, व योग्य गाडी कशी निवडावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डर्ट बाइक ही रस्त्यावरील मोटारसायकलीहून घडणीनें वेगळी असते. दगडधोंडे व चर ओलांडतांना तिचा तळ जमिनीस लागूं नये म्हणून ती उंच केलेली असते, आणि त्याबरोबर तिची बैठकही वर जाते. सपाट सडकेवर पाय दोन बोटें कमी पडला तरी निभावतें. परंतु शेताच्या बांधाजवळ किंवा ओढ्याच्या कांठीं स्वार ज्या बाजूस पाय टेकूं जातो तेथेंच नेमका खळगा असावयाचा. पाय अधांतरीं राहतो, गाडी कलते, आणि एकदां ती कलूं लागली म्हणजे तिचा भार क्षणोक्षणीं वाढत जातो. नवशिक्यांचें पडणें पुष्कळदां वेगांत होत नाहीं. तें थांबतांना, हळू वळतांना, किंवा चढावर इंजिन बंद पडलें असतां होतें. म्हणून पहिलें माप बैठकीच्या उंचीचें. नवख्या स्वाराच्या दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळीं जमिनीवर भक्कम टेकले पाहिजेत. तरबेज स्वार एका अंगास सरकून एकाच पायावर गाडी सांवरतो हें खरें. पण ती कला संवयीनें येते, पहिल्या दिवशीं नव्हे.

दुसरें माप वजनाचें. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या होंडा कंपनीच्या एकाच कुळांतील तीन गाड्या उदाहरणादाखल पाहूं. सीआरएफ ११० एफ हिची बैठक सुमारें ६६ सेंटिमीटर उंच व वजन सुमारें ७७ किलो; १२५ एफ हिची बैठक सुमारें ७४ सेंटिमीटर व वजन सुमारें ८८ किलो; आणि २५० एफ हिची बैठक सुमारें ८८ सेंटिमीटर व वजन सुमारें १२० किलो. चाळीस किलो वजनाच्या मुलास शेवटची गाडी दिली तर त्याच्या अंगावर स्वतःच्या तिप्पट भार पडला. ती आडवी झाल्यावर तो एकटा ती उचलणार कशी ? आणि जी गाडी स्वारास उचलतां येत नाहीं, तिची त्यास मनांतून भीति वाटूं लागते. भ्यालेला स्वार हँडल आंवळून धरतो, अंग ताठ करितो, व अशानेंच पुन्हां पडतो.

तिसरी गोष्ट इंजिनाची. दुकानांत बहुधा पहिला प्रश्न ‘किती सी. सी. ची ?’ हा असतो. पण केवळ ह्या आंकड्यावर विसंबूं नये. यामाहा कंपनीची टीटी-आर १२५ आणि त्याच कंपनीची वायझेड १२५ ह्या दोहोंचा आंकडा एकच आहे. पहिली फोर-स्ट्रोक असून शिकणाऱ्यांसाठीं व रानवाटांसाठीं केलेली आहे. तिची शक्ति मुठीच्या हालचालीबरोबर हळूहळू वाढते. दुसरी टू-स्ट्रोक असून खास शर्यतीसाठीं केलेली आहे. तिची बैठक ९५ सेंटिमीटरांहून उंच, शक्ति सुमारें तिप्पट, व तीही इंजिन वेगानें फिरूं लागलें कीं एकाएकीं उसळून येणारी. तेव्हां गाडी शिकण्यासाठीं केली आहे कीं शर्यतीसाठीं, हें आधीं विचारावें.

स्प्रिंगांचाही विचार करावा लागतो. मोठ्या गाड्यांच्या स्प्रिंगा प्रौढ माणसाचें वजन गृहीत धरून बसविलेल्या असतात. असा माणूस बसला म्हणजे गाडी थोडी खालीं दबते. हलका मुलगा बसला तर ती फारशी दबतच नाहीं. त्यामुळें कागदावर छापलेली उंची त्याच्या वांट्यास जवळजवळ पुरी येते, आणि खडबडीत वाटेवर गाडी त्यास वर झुगारीत राहते.

अगदीं नवख्यास क्लच, गिअर, ब्रेक व तोल ह्या चारही गोष्टी एकदम संभाळणें अवघड जातें. म्हणून वर सांगितलेल्या ११० एफसारख्या गाडींत गिअर असतात, पण क्लचचा दांडा नसतो. त्याहून लहान मुलांच्या यामाहा पीडब्ल्यू ५० मध्यें गिअरही नाहींत. शिवाय मूठ किती फिरावी ह्यास एका स्क्रूनें मर्यादा घालतां येते. क्लच मागाहून, तोल अंगवळणीं पडल्यावर शिकावा.

दुकानांत गेल्यावर स्वारास बूट घालून गाडीवर बसवावें. दोन बोटांनीं क्लच व ब्रेक ओढतां येतात कीं नाहीं तें पाहावें. गाडी ढकलीत थोडें चालावयास लावावें. आणि शक्य असल्यास ती आडवी करून उचलावयास सांगावें. लहान चणीच्या प्रौढ स्त्रीपुरुषांनींही हीच परीक्षा करावी. उंचीला थोडीच कमी पडत असल्यास बैठकीचा फोम कमी करून घेतां येतो. मात्र स्प्रिंग कापण्याचा उपाय कोणी सुचविल्यास तो मुळींच मानूं नये, कारण त्यानें गाडीची चालच बिघडते.

शिरस्त्राण, गॉगल, हातमोजे, गुडघ्यांचें व छातीचें कवच आणि घोट्यावर चढणारे बूट ह्यांचा खर्च गाडीच्या किंमतींतच धरावा. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणावयाची नाहीं. कायद्यानें गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना १८ वर्षांपूर्वीं मिळत नाहीं. आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अज्ञान मुलाच्या हातून रस्त्यावर गुन्हा घडल्यास पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. बंदिस्त मैदान व जवळ उभा असलेला जाणता मनुष्य, ह्यांवांचून मुलास गाडीवर बसवूं नये.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. लहान गाडी दोन-तीन वर्षांत अपुरी पडेल हें खरें. पण नीट राखलेल्या गाडीस गिऱ्हाईक मिळतें, कारण शिकणारीं मुलें दरवर्षीं नवीं येतात. तेव्हां पालकांनीं आपला मुलगा किंवा मुलगी चार वर्षांनीं केवढी होईल ह्याचा हिशेब न करितां, आज तिचे पाय कोठवर पोंचतात एवढेंच पाहून गाडी घ्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.