क्वार्टरबॅकच्या नावावरचे ७६ सॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला सेंटर आपल्या पायांमधून चेंडू मागे देतो आणि तो हातात पडल्यापासून अडीच-तीन सेकंदांत क्वार्टरबॅकला ठरवावे लागते, फेकायचा कुणाकडे. तेवढा वेळ मिळवून देणे हे त्याच्यापुढे उभ्या असलेल्या पाच धिप्पाड खेळाडूंचे काम. ही फळी फुटली आणि चेंडू हातात असतानाच तो आडवा झाला, की त्याला सॅक म्हणतात. संघाने कमावलेली जागा त्यात जाते. नोंद मात्र क्वार्टरबॅकच्या नावावर होते; प्रतिस्पर्ध्याला ज्याने आत येऊ दिले, त्याचे नाव अधिकृत आकडेवारीत येत नाही.

या हिशेबाचा सर्वांत मोठा फटका बसला तो डेव्हिड कारला. ह्यूस्टन टेक्सन्स हा एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा ३२वा संघ २००२ साली मैदानात उतरला आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत, त्याने पहिल्या क्रमांकावर फ्रेझ्नो स्टेट विद्यापीठाच्या कारला निवडले. ड्राफ्टचा नेहमीचा नियमच असा, की आदल्या हंगामात तळाला राहिलेला संघ पहिली निवड करतो. म्हणजे सर्वांत गुणी पोरगा बहुधा सर्वांत खिळखिळ्या संघाच्या वाट्याला जातो. ह्यूस्टनचा संघ तर कोराच होता. इतर संघांनी मोकळ्या सोडलेल्या खेळाडूंतून त्याने पहिला उचलला टोनी बोसेली, जॅक्सनव्हिलचा नावाजलेला लेफ्ट टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ सांभाळणारी ही जागा. पण खांद्याच्या दुखापतींमुळे बोसेली ह्यूस्टनकडून एकही सामना खेळला नाही.

पहिल्याच सामन्यात टेक्सन्सनी डॅलस काउबॉइजना १९-१० असे हरवले आणि शहराच्या अपेक्षा गगनाला भिडल्या. त्यानंतर जे झाले ते आकड्यांतच सांगितलेले बरे. १६ सामन्यांच्या हंगामात संघाने ४ जिंकले, कारचे ९ पास टचडाउन ठरले, १५ प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले, आणि त्याला ७६ वेळा सॅक करण्यात आले. एका हंगामातला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. २००४ मध्ये ४९, २००५ मध्ये ६८. पाच वर्षांत एकूण २४९.

२००५ चा हंगाम २ विजय आणि १४ पराभवांवर संपला तेव्हा टीकेला धार चढली. चाहत्यांना हवा होता व्हिन्स यंग, ह्यूस्टनमध्येच जन्मलेला आणि टेक्सस विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेला क्वार्टरबॅक. पहिली निवड पुन्हा हातात असूनही टेक्सन्सनी बचावपटू मारिओ विल्यम्सला घेतले. पुढे यंगने टेनेसीकडून ह्यूस्टनमध्येच येऊन जादा वेळेत ३९ यार्ड धावत सामना जिंकला, आणि कारवरच्या रागात भरच पडली. त्याच २००६ च्या हंगामात कारचे ६८.३ टक्के पास पोहोचले होते. हे प्रमाण लीगमध्ये सर्वाधिक होते. त्यात आखूड पासच फार होते हा आक्षेप खराच. पण चार वर्षे मार खाल्लेला माणूस लांब पासची वाट पाहत कशाला उभा राहील? मार्च २००७ मध्ये ह्यूस्टनने मॅट शॉबला आणले आणि कारला सोडून दिले.

कारचा बचाव करताना एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. तो चेंडू फार वेळ धरून ठेवायचा, आणि सगळे सॅक फळीच्या माथी मारता येत नाहीत. अनुभवी क्वार्टरबॅक धोका दिसताच चेंडू रेषेबाहेर भिरकावून मोकळा होतो. ही जाण येण्यासाठी बरेच जण आधी वर्ष-दोन वर्षे राखीव खेळाडू म्हणून काढतात. कारला पहिल्या दिवसापासून खेळवले गेले.

परिस्थिती बदलली तर काय होते, याचे ठसठशीत उदाहरण जॅरेड गॉफचे. २०१६ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड असलेला गॉफ लॉस एंजेलिस रॅम्सकडून सुरुवातीपासून खेळला ते सातही सामने संघ हरला आणि त्याला २६ सॅक बसले. ‘फसलेली निवड’ हा शिक्का तेव्हाच बसला होता. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे हे नवे प्रशिक्षक आले, सिनसिनाटीहून अँड्र्यू व्हिटवर्थ हा मुरलेला लेफ्ट टॅकल आला, सेंटरही बदलला. गॉफ तोच होता. १५ सामन्यांत २५ सॅक, ११ विजय, आणि संघ गटविजेता.

कारची दुसऱ्या संघांतली वर्षेही फारशी चमकली नाहीत. न्यूयॉर्क जायंट्सचा राखीव क्वार्टरबॅक म्हणून २०११ च्या हंगामाच्या सुपर बोल विजेतेपदात तो सामील होता, एवढेच. त्याचा धाकटा भाऊ डेरेक २०१४ मध्ये ओकलंड रेडर्सकडे गेला. तो संघही पहिल्या वर्षी १३ सामने हरला. पण चेंडू चटकन हातावेगळा करणाऱ्या डेरेकला सबंध हंगामात २४च सॅक बसले, संघाने त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि २०१६ मध्ये रेडर्सनी १२ सामने जिंकले.