टेबलापाशी मुलाची जागा

नॉर्वेतील घरगुती वस्तूंच्या रचनेचा विचार करू लागले की एका लाकडी खुर्चीपाशी थांबावेच लागते. ‘ट्रिप ट्रॅप’ ही ती खुर्ची. पेटर ऑपस्विक या रचनाकाराने ती १९७२ मध्ये घडवली. स्टोक्के कंपनीने ती बाजारात आणली.

ऑपस्विकचा मुलगा तेव्हा सुमारे दोन वर्षांचा होता. तान्ह्या मुलांच्या उंच खुर्चीत तो मावेना. मोठ्यांच्या खुर्चीत बसवले, तर हात टेबलापर्यंत पोचत नसत आणि पाय लोंबकळत राहत. अशा वेळी रूढ उपाय म्हणजे मुलाला वेगळे, ठेंगणे टेबल देणे. त्यात सोय आहे, पण मूल मोठ्यांच्या बोलण्यापासून बाजूला पडते. ऑपस्विकने टेबल तसेच ठेवले आणि मुलाला वर आणले.

युक्ती साधी आहे. दोन तिरप्या लाकडी बाजूंना आतून ओळीने खाचा आहेत. त्यांत दोन फळ्या बसवायच्या : एक बसायला, दुसरी पाय टेकायला. मूल वाढेल तशा त्या खाली सरकवायच्या. पावलांना आधार असल्याने मुलाला बसल्या जागी मोकळेपणाने हलता येते; थोडे मोठे झाले की ते आपले आपण चढते-उतरते. नॉर्वेजियन भाषेत ‘ट्रॅप’ म्हणजे जिनाच. पुढे मोठ्या माणसालाही हीच खुर्ची चालते.

मुलांचे सामान लवकर निरुपयोगी होते, आणि विक्रेत्याला ते परवडते. या हिशेबात न बसणारी ही खुर्ची पन्नास वर्षांनंतरही विकली जाते. घरातल्या बोलण्यात मुलाला वाटा आहे का, हा तिच्यामागचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.