समुद्र म्हणजे तापी-गिरणा नव्हे

शाळांना सुट्ट्या लागल्या की दवाखान्यात एक ठरावीक मागणी सुरू होते. "डॉक्टरसाहेब, कोकणात चाललोय. गाडी लागू नये म्हणून गोळ्या द्या, जुलाबाच्याही द्या." गोळ्या मी देतो आणि विचारतो, "समुद्रात उतरणार का?" उत्तर बहुधा हसतच येते, "आमचा पोरगा विहिरीत सूर मारतो, त्याला काय होणार?"

खानदेशातली आपण बहुतेक माणसे पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. तापी-गिरणेचे पाणी वाहते, पण एकाच दिशेने. समुद्राचे पाणी आत येते, बाहेर जाते, चढते आणि उतरते. त्यामुळे विहिरीतला पटाईत पोहणारा तिथे बिनधास्त पुढे जातो आणि फसतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात पाच तरुण गेले. ते वैद्यकीय शिक्षण घेणारे होते. शिकलेल्यालाही समुद्र ओळखत नाही, म्हणून आपणच त्याला ओळखायला हवे.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. दिवसातून दोनदा भरती येते आणि दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यासाठी एक सोपा जुना हिशेब आहे. पंचांगातली तिथी घ्या आणि तिला पाऊणने गुणा. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ गावातल्या कोळ्याला विचारावी. ओहोटी लागली की पाण्याची ओढ समुद्राकडे असते, तेव्हा उतरू नये. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा ही ओढ अधिक.

दुसरी गोष्ट लाटांची. आकाश निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत आहे असे समजू नका. हजारो किलोमीटर दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ झाले, तर त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. इथे वाऱ्याची झुळूकही नसते. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा लाटांचा इशारा देते. कन्याकुमारीच्या दुर्घटनेच्या वेळीही असा इशारा दिलेला होता. निघण्यापूर्वी तो पाहावा. जून-जुलैत तर मासेमारीलाच बंदी असते. जिथे कोळी होडी घालत नाही, तिथे आपण पाय घालू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कुठून तरी परत जाणारच. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जाते. याला रिप करंट म्हणतात. या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसते. नवखा माणूस तीच जागा निवडतो! हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. त्याच्याविरुद्ध पोहणारा थकतो आणि थकलेला बुडतो. अशा वेळी पाठीवर तरंगावे, दम घ्यावा, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे आणि मग तिरके किनाऱ्याकडे यावे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात हलवावा.

आता जळगाव-धुळ्यातूनही अनेक आईवडील मुलांकडे इंग्लंड-अमेरिकेला जातात. त्यांच्यासाठी चार ओळी. मे महिन्यात आपल्या ४५ अंशांतून गेलेल्या माणसाला तिथला समुद्र पाहून मोह होतो. ऊन छान असते, पण सॅन फ्रान्सिस्कोजवळचे पाणी उन्हाळ्यातही साधारण १२ ते १५ अंशच असते. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. एकदम उतरल्यास धाप लागते, नकळत मोठा श्वास ओढला जातो आणि त्याबरोबर पाणी आत जाते. नाडी आणि रक्तदाब झटक्यात वाढतात. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी हा प्रयोग करूच नये. चुकून पडलात तर पहिले एक-दोन मिनिटे पोहण्याची धडपड न करता तरंगत राहा. धाप आपोआप कमी होते. मात्र पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हातपाय लुळे पडू लागतात, म्हणून श्वास ताब्यात येताच बाहेर निघा. तिथे खडकावर समुद्राकडे पाठ करून फोटोही काढू नका. मध्येच एखादी मोठी लाट येऊन माणसाला घेऊन जाते.

शेवटी प्रथमोपचार. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वास घेता घेता त्याला ओरडायला सवडच मिळत नाही. म्हणून लहान मुले हाताच्या अंतरावर हवीत. कोणी बुडत असेल तर त्याच्यामागे उडी टाकू नका. दोर, रिकामा कॅन, साडी, जे मिळेल ते फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, चाकावर फिरवणे, पोट दाबणे हे सगळे बंद करा. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि मेंदूला प्राणवायूविना चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. श्वास चालू नसेल तर त्याला उताणे झोपवा, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी जोराने तीस दाब, पुन्हा दोन श्वास. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नका.

शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी त्याला रुग्णालयात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उफाळतो. आणि दारू घेतलेल्याने गुडघाभर पाण्यातही जाऊ नये, हे घरातल्या मोठ्यांनी निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगून ठेवावे.