राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख : फ्रान्सचा धडा

नागरिकशास्त्र शिकविताना ‘राष्ट्रप्रमुख’ आणि ‘शासनप्रमुख’ या दोन संज्ञा आपण फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. परंतु एकाच राज्यात दोन प्रमुख कशासाठी, ही विद्यार्थ्याची शंका नुसत्या व्याख्येने फिटत नाही. तिचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, आणि त्या दृष्टीने फ्रान्समधील १८७७ सालचा प्रसंग विशेष बोधप्रद आहे.

१८७५ च्या घटनात्मक कायद्यांनी फ्रान्सच्या अध्यक्षाला सात वर्षांची मुदत आणि सीनेटच्या संमतीने प्रतिनिधिगृह विसर्जित करण्याचा अधिकार दिला होता. मात्र त्याच्या प्रत्येक आज्ञेवर मंत्र्याची सही आवश्यक होती, आणि मंत्री सभागृहांना जबाबदार होते. अध्यक्ष आणि बहुमत यांचे न पटल्यास अखेरचा शब्द कोणाचा, हे मात्र कायद्याने निःसंदिग्धपणे सांगितले नव्हते.

अध्यक्ष मार्शल मॅकमहॉन यांचा ओढा राजसत्तावाद्यांकडे; उलट १८७६ च्या निवडणुकीत बहुमत मिळाले ते प्रजासत्ताकवाद्यांना. १६ मे १८७७ रोजी मॅकमहॉन यांनी मंत्रिमंडळाचे प्रमुख झ्यूल सिमाँ यांना ठपका देणारे पत्र धाडले आणि सिमाँ यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या ड्यूक द ब्रॉय यांच्या मंत्रिमंडळावर ३६३ प्रतिनिधींनी अविश्वास व्यक्त केला, तेव्हा अध्यक्षांनी गृहच विसर्जित केले. राष्ट्राने कौल दिल्यावर अध्यक्षांनी तो मानावा, नपेक्षा पद सोडावे, असे गाँबेता यांनी लील येथील भाषणात बजावले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत प्रजासत्ताकवाद्यांचे बहुमत थोडे घटले, तरी टिकले. डिसेंबरात मॅकमहॉन नमले. ३० जानेवारी १८७९ रोजी त्यांनी पदही सोडले. राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध आपण कधीही झगडणार नाही, असे त्यांचे उत्तराधिकारी झ्यूल ग्रेव्ही यांनी जाहीर केले. पुढे १९४० पर्यंत, म्हणजे तिसरे प्रजासत्ताक संपेपर्यंत, एकाही अध्यक्षाने प्रतिनिधिगृह विसर्जित केले नाही. कलम कायम राहिले. त्याचा वापर तेवढा संपला.

याच काळातील जर्मनीचे चित्र याच्या अगदी उलट आहे. मार्च १८९० मध्ये सम्राट दुसरा विल्हेल्म याच्याशी मतभेद होताच बिस्मार्कसारख्या चॅन्सेलरलाही पायउतार व्हावे लागले. कारण चॅन्सेलरचे पद सम्राटाच्या विश्वासावर अवलंबून होते, राइखस्टागच्या बहुमतावर नव्हे.

म्हणून विद्यार्थ्याला दोन पदांची व्याख्या सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : शासनप्रमुखाला पदावरून दूर कोण करू शकतो? त्या उत्तरातच सत्तेचे खरे स्थान कळते. घटनेची कलमे अधिकार सांगतात. ते कोणाच्या हाती राहतील, हे अशा कसोटीच्या प्रसंगी ठरते.