तसबिरीचा घोटाळा : पॅरिस ते सांगली

‘संशयकल्लोळ’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय, निदान त्यातली पदं तरी घरी कानावर पडलीत. पण फाल्गुनरावांचे मूळ पुरुष पॅरिसचे, हे किती जणांना ठाऊक आहे? १६६० मध्ये मोलिएरने ‘स्गानारेल’ हे छोटं प्रहसन लिहिलं आणि त्यातल्या संशयी नवऱ्याचं काम स्वतःच केलं. त्याच्या आधाराने आर्थर मर्फीने १७६१ साली ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक रचलं. मर्फीवरून सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. त्यात पदं घालून झालेलं ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी वारले.

गंमत कशात आहे? समजा, कोप्पीकर रोडवर भर दुपारी एका मुलीला चक्कर येते. एक गृहस्थ तिला सावरतात. नेमकं तेवढंच त्यांची बायको बघते. मुलीच्या हातून पडलेला तिच्या प्रियकराचा फोटो बायको उचलते, आणि नेमकं तेवढंच नवरा बघतो. झालं! खोटं कुणीच बोललेलं नाही. जे दिसलं ते खरंच घडलंय. पण आधीचं आणि नंतरचं कुणी पाहिलेलं नाही. मोलिएरची माणसं मूर्ख ठरतात ती डोळे मिटल्यामुळे नाही, तर डोळ्यांवर फार विश्वास ठेवल्यामुळे. (आमच्या चर्चमध्ये लग्नाच्या वेळी दोघं एकनिष्ठ राहण्याचं वचन देतात. संशय घेणार नाही असं वचन मात्र कुणी मागत नाही!)

मोलिएरच्या नाटकात त्या बायकोला नावसुद्धा नाही, ती नुसती ‘स्गानारेलची बायको’. देवलांची कृत्तिका मात्र नवऱ्याला पुरून उरते. संशय हा काही फक्त पुरुषांचा मक्ता नाही, हे मर्फीप्रमाणे देवलांनीही ओळखलं.

पण मला देवलांचा खरा फरक वाटतो तो रेवतीत. मोलिएरची सेली ही खात्यापित्या घरातली मुलगी. बाप तिचं लग्न दुसरीकडे ठरवतोय, एवढीच तिची अडचण. रेवती नायकिणीच्या घरची. आश्विनशेठ तिच्यावर संशय घेतो तेव्हा त्याच्या बाजूने अख्खा समाज आधीच उभा असतो. फाल्गुनराव कितीही ओरडले तरी कृत्तिका त्यांची लग्नाची बायकोच राहते. तिचं घर कुठे जात नाही. रेवतीला मात्र घर अजून मिळायचंय, आणि ते एका फोटोवर अडलंय. बालगंधर्वांनी ही रेवती केली, गणपतराव बोडसांनी फाल्गुनराव. प्रेक्षक फाल्गुनरावांना हसायचे, आजही हसतात. आश्विनशेठ रेवतीला जाब विचारू लागतो तेव्हा मला मात्र तेवढं मोकळं हसू येत नाही.