चार गावांची एक पाणीयोजना

एका गावाची विहीर माघ-फाल्गुनातच आटते. शेजारच्या गावास नदीकाठी बारमाही पाणी असते. परंतु ते उचलण्यासाठी लागणारा पंप, टाकी व नळमार्ग यांचा खर्च लहान पंचायतीस एकटीने पेलवत नाही. अशा वेळी जवळच्या गावांनी मिळून एकच योजना चालविणे हितावह होय.

कायद्याचा आधार

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये दोन किंवा अधिक पंचायतींना समाईक कामासाठी संयुक्त समिती नेमता येते. काम कसे बांधावयाचे व पुढे त्याची निगा कशी राखावयाची, याविषयी सर्वांस बंधनकारक अटी ठरविण्याचा अधिकारही या समितीस देता येतो. योजनेच्या आखणीबाबत जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचा सल्ला अवश्य घ्यावा.

पाण्याचा हिशेब

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. समजा, चार गावांची लोकसंख्या ६,००० आहे. तर रोज ३,३०,००० लिटर पाणी लागेल. पंप ताशी ३३,००० लिटर पाणी उचलत असेल, तर तो दहा तास चालावयास हवा. वीज सहाच तास मिळाली, तर दरडोई ३३ लिटरच पाणी येईल. ही तूट सर्वांस सारखी वाटली जात नाही. नळमार्गावरील पहिले गाव आपली टाकी भरून घेते आणि शेवटच्या गावाच्या भगिनी हंडे घेऊन तिष्ठत राहतात. यास्तव प्रत्येक गावाच्या फाट्यावर झडप व जलमापक बसवावा आणि वाटपाच्या वेळा लेखी ठरवाव्यात.

योजना कशाने मोडते?

एका गावाने पाणीपट्टी थकविली की वीजबिल थकते, जोडणी तोडली जाते आणि नियमाने पैसे भरणाऱ्या गावाचेही नळ कोरडे पडतात. म्हणून योजनेचे खाते स्वतंत्र असावे. प्रत्येक पंचायतीने आपला वाटा जलमापकाप्रमाणे दरमहा भरावा. दुरुस्तीसाठी काही रक्कम राखून ठेवावी व जमाखर्च प्रत्येक ग्रामसभेपुढे वाचावा.

उद्भवाच्या गावाचा मान

ज्या गावाच्या शिवारात उद्भव आहे, त्या गावच्या शेतकऱ्यांवर अधिक भार पडतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना विहीर खणण्यास १९९३ च्या भूजल कायद्याने मनाई केली. उद्भवाच्या संरक्षणाचे हे तत्त्व २००९ च्या अधिनियमानेही स्वीकारले आहे. इतरांच्या तहानेसाठी हे शेतकरी आपल्या बागायतीस मुरड घालतात. तेव्हा त्या शिवारातील समतल चर, नालाबांध व गाळ काढणे या कामांस बाकीच्या गावांनी श्रम व पैसा या दोन्ही रूपांनी हातभार लावणे न्यायाचे ठरेल. त्याने उद्भवही टिकेल आणि तेथील विहिरींसही पाझर लागेल.

शेतकरी बंधूंनो, टंचाई पडल्यावर टँकरची वाट पाहण्यापेक्षा सुगी संपताच शेजारच्या पंचायतींची बैठक बोलवावी. पाण्याचा करार विहीर भरलेली असतानाच करावा. ती आटल्यावर भांडणाखेरीज काही हाती लागत नाही.