मनाला बसलेला हादरा

पुराचे पाणी ओसरते, ढिगारे उपसले जातात, पंचनामे होतात आणि मदतीचे धनादेशही येतात. मग आपत्ती संपली, असे आपण धरून चालतो. पण ज्यांच्या डोळ्यांदेखत घर गेले, घरातले माणूस गेले, त्यांना पुढे कित्येक रात्री झोप लागत नाही. पाऊस जरा जोराने आला की छातीत धडधडते. शरीराची जखम दिसते, म्हणून तिला मलमपट्टी होते. मनाची जखम दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपले होते. चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. घरे नवी झाली, तरी पक्क्या छताखाली झोपायची अनेकांना भीती वाटे. पत्र्याचा निवाराच त्यांना बरा वाटे. पुढे 2014 मध्ये माळीण, 2021 मध्ये तळिये आणि 2023 मध्ये इर्शाळवाडी येथे दरडी कोसळल्या. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीने महापूर पाहिला. प्रत्येक वेळी मागे राहिलेल्यांच्या मनाचा प्रश्न उरलाच.

हे वेड नव्हे

संकट आले की मेंदू शरीराला सावध करतो. अ‍ॅड्रिनलिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते, हृदय जोराने धडधडते, स्नायू ताठ होतात. पळून जाण्यासाठी हे आवश्यकच असते. परंतु मोठ्या आघातानंतर धोका टळला तरी हा सावधपणा लगेच उतरत नाही. त्यामुळे झोप उडते, भांडे पडले तरी माणूस दचकतो, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो. कोणी सारखे रडते, तर कोणाच्या डोळ्यांत पाण्याचा थेंबही येत नाही. ‘मी वाचलो, तो का गेला?’ हा प्रश्न कुरतडत राहतो. मुले अंथरूण ओले करू लागतात, आईचा पदर सोडत नाहीत.

पहिल्या काही आठवड्यांत हे सारे होणे स्वाभाविक आहे. ही बाधा नव्हे, वेड नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. धीर, विश्रांती आणि आपल्या माणसांची सोबत मिळाली की बहुतेकांचा त्रास हळूहळू कमी होतो.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी तीन सोप्या पायऱ्या सांगितल्या आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. जागा सुरक्षित आहे ना आणि कोणाला तातडीची गरज आहे, हे आधी पाहावे. मग शेजारी बसून ऐकावे. शेवटी त्या माणसाची नातेवाइकांशी, दवाखान्याशी आणि मदत केंद्राशी गाठ घालून द्यावी. यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

‘काय काय झाले ते सांगा’ म्हणून खोदून विचारू नये. बोलायचे असेल तर बोलू द्यावे, गप्प बसायचे असेल तर गप्प बसू द्यावे. ‘झाले गेले विसरा’, ‘तुम्ही तरी वाचलात ना’ असे म्हणू नये. त्याने दुःख हलके होत नाही, उलट माणूस एकटा पडतो. ‘मी इथेच आहे, चहा आणू का?’ एवढेही पुष्कळ असते. दहावा, तेरावा किंवा ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे जे करायचे असेल, त्याला हातभार लावावा.

जेवण, झोप, काम यांची घडी जमेल तितकी लवकर बसवावी. मुलांची शाळा आणि खेळ सुरू करावा. घरातले कोणी गेले असेल, तर ‘बाबा गावाला गेलेत’ असे खोटे न सांगता सोप्या शब्दांत खरे सांगावे. आपत्तीची तीच ती दृश्ये टीव्हीवर, मोबाईलवर दाखवत बसू नये.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. झोप यावी म्हणून दारूचा आधार घेऊ नये. तसेच मनाने झोपेच्या गोळ्या आणू नयेत. त्यांची सवय जडते आणि मूळ दुखणे तसेच राहते. उलट रक्तदाब, मधुमेह, फिट्स किंवा मानसिक आजाराची गोळी आधीपासून चालू असेल, तर ती या धांदलीत खंडित होऊ देऊ नये. पावसाळ्यापूर्वीच औषधांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रांबरोबर ठेवावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

महिना उलटूनही झोप येत नसेल, प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून काम सुचत नसेल, माणूस त्या जागेकडे किंवा लोकांकडे जायचेच टाळत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘जगून काय करू?’ अशी भाषा कोणी करू लागला, अन्नपाणी सोडले, भ्रमात बोलू लागला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. त्याला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावीत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची सोय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून होते. प्रवास शक्य नसेल, तर 14416 हा ‘टेलिमानस’चा क्रमांक फिरवावा. केंद्र सरकारची ही सेवा 2022 पासून सुरू असून रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही सल्ला मिळतो. जीव धोक्यात असेल, तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. उपचार म्हणजे विजेचे झटके, ही समजूत मनातून काढून टाकावी. या त्रासावर मुख्यतः समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी उपचार करतात.

ढिगारे उपसणारे तरुण, पोलीस, आशाताई, परिचारिका यांनीही भयंकर दृश्ये पाहिलेली असतात. त्यांना पाळीपाळीने विश्रांती मिळाली पाहिजे आणि त्यांचीही कोणी विचारपूस केली पाहिजे.

आपल्या गल्लीत, वस्तीवर असे एखादे घर असेल, तर मदतीची गर्दी ओसरल्यावर महिन्याने, दोन महिन्यांनी तिथे जाऊन यावे. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. खरी गरज त्यानंतर असते.